परक्या गांधीलमाश्या व त्यांचे पोळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत ‘गांधीलमाशी’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. मातीची घरटी करणाऱ्या कुंभारणीपासून छपराखाली लहानसे पोळे टांगणाऱ्या सडपातळ माश्यांपर्यंत कोणालाही तो लावला जातो. या पानावर मात्र तो केवळ ‘व्हेस्पा’ या गटातील, आकाराने मोठ्या आणि वसाहत करून राहणाऱ्या माश्यांपुरताच वापरला आहे. त्यांतही भर आहे तो मूळ प्रदेश सोडून दुसरीकडे जाऊन स्थिरावलेल्या जातींवर.

‘परकी आक्रमक’ गांधीलमाशी म्हणजे नेमके काय?

एखादी जाती माणसाच्या व्यवहारामुळे आपल्या मूळ प्रदेशाबाहेर पोहोचते, तेथे स्वतःच्या बळावर वाढू लागते आणि तेथील जीवसृष्टीचे किंवा शेतीचे नुकसान करते, तेव्हा तिला परकी आक्रमक जाती म्हणतात. आक्रमकपणा हा त्या माशीचा स्वभाव नव्हे, तो स्थळाशी जोडलेला आहे. आज युरोपात जिच्यामुळे सर्वाधिक चिंता आहे ती पिवळ्या पायांची गांधीलमाशी, म्हणजे ‘व्हेस्पा व्हेलुटिना’, हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण चीन आणि इंडोनेशियापर्यंतची मूळ रहिवासी आहे व तेथे ती जंगलातील इतर भक्षकांसारखीच एक भक्षक आहे. उलट, युरोपात जिचे रक्षण करावे असे सांगितले जाते ती तेथील मूळची गांधीलमाशी, ‘व्हेस्पा क्रॅब्रो’, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उत्तर अमेरिकेत पोहोचली आणि तेथे परकी ठरली.

एवढ्याशा माश्या समुद्रापार पोहोचतात कशा?

संपूर्ण वसाहत प्रवास करत नाही. एकटी राणी करते. शरद ऋतूत नराशी मीलन झालेली तरुण राणी थंडीचे महिने झाडाच्या सालीखाली, लाकडाच्या ढिगाऱ्यात, कुंड्यांत किंवा मालाच्या खोक्यात निपचित पडून काढते, आणि नेमका तोच माल जहाजावर चढला की राणीही त्याच्याबरोबर जाते. शुक्रजंतू तिच्या शरीरात साठवलेले असल्यामुळे नव्या ठिकाणी तिला नर शोधावा लागत नाही. फ्रान्समधील पिवळ्या पायांच्या गांधीलमाश्यांच्या आनुवंशिक अभ्यासातून असे दिसले, की युरोपातील या जातीचा मूळ विस्तार बहुधा पूर्व चीनमधून आलेल्या, अनेक नरांशी मीलन झालेल्या एकाच राणीपासून झाला असावा. ही गोष्ट एकदा लक्षात आली, की बंदरांवर आणि गोदामांत एका माशीची एवढी दखल का घेतली जाते हे वेगळे सांगावे लागत नाही.

पिवळ्या पायांची गांधीलमाशी आतापर्यंत कोठे कोठे पसरली आहे?

दक्षिण कोरियातील बुसान येथे ती २००३ मध्ये आढळली. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लो-ए-गारोन विभागात २००४ मध्ये तिची प्रथम नोंद झाली. तेथून स्पेन (२०१०), पोर्तुगाल व बेल्जियम (२०११), इटली (२०१२), जर्मनी (२०१४) असा तिचा प्रवास झाला आणि २०१६ मध्ये ती ब्रिटनमध्ये पोहोचली. जपानच्या त्सुशिमा बेटावर ती २०१२ मध्ये दिसली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सव्हाना शहराच्या परिसरात २०२३ मध्ये ती सापडली. फ्रान्समध्ये तिचा पसरण्याचा वेग वर्षाला साधारण ६० ते ८० किलोमीटर एवढा मोजला गेला आहे. युरोपीय संघाने २०१६ मध्येच तिला आपल्या आक्रमक परक्या जातींच्या यादीत घातले.

पिवळ्या पायांची गांधीलमाशी ओळखावी कशी?

आकारावरून ओळखू नये, कारण घाबरलेल्या माणसाला प्रत्येक माशी मोठीच दिसते. प्रत्यक्षात ही माशी युरोपातील मूळ गांधीलमाशीपेक्षा किंचित लहान असते: कामकरी साधारण २५ मिलिमीटरपर्यंत, तर राणी ३० मिलिमीटरपर्यंत. खरी ओळख रंगांत आहे. छाती मखमली काळपट तपकिरी, उदर बहुतांशी गडद आणि त्याच्या चौथ्या खंडावर नारिंगी-पिवळा रुंद पट्टा, चेहरा नारिंगी, आणि पायांची टोके जणू पिवळ्या मोज्यांत घातल्यासारखी. युरोपातील मूळ जातीचे उदर बरेचसे पिवळे असते, छातीवर तांबूस छटा असते आणि पाय तपकिरी असतात. आणखी एक उपयुक्त खूण म्हणजे मूळ जाती रात्रीही उडते व दिव्याकडे येते. पिवळ्या पायांची मात्र दिवसाउजेडीच काम करते.

ओळखीवर एवढा भर देण्याचे कारण आहे. परक्या माशीच्या बातम्या सुरू झाल्या, की मूळच्या गांधीलमाश्या, दिसायला तशाच असलेल्या निरुपद्रवी फुलमाश्या आणि लाकूड पोखरणारे मोठे कीटकही सरसकट मारले जातात. परक्या माशीमुळे झाले नसते असे नुकसान अशा उत्साहातून होते.

तिचे पोळे कसे असते? एका वसाहतीची दोन पोळी असतात, हे खरे का?

बहुतेक वेळा खरे आहे, आणि पोळे शोधणाऱ्यांची सर्वांत जास्त दिशाभूल याच गोष्टीमुळे होते. वसंत ऋतूत जागी झालेली राणी एकटीच पहिले पोळे बांधते. सुरुवातीला ते टेबल टेनिसच्या चेंडूएवढे असते, त्याचे तोंड खालच्या बाजूस असते आणि ते सहसा आडोशाला, माणसाच्या उंचीच्या आसपास असते: अवजारांच्या खोलीच्या छताला, पडवीच्या वाशाला, झुडपात, कधी रिकाम्या मधपेटीतही. बांधणे, शिकार आणणे, अळ्यांना भरवणे, अंडी घालणे ही सर्व कामे या काळात राणीलाच करावी लागतात. ती मेली तर सगळेच संपते.

पहिल्या कामकरी माश्या बाहेर पडायला सुमारे दीड महिना लागतो. त्यानंतर जागा अपुरी वाटली, तर वसाहत दुसऱ्या ठिकाणी, बहुधा उंच झाडाच्या शेंड्याकडे, नवे पोळे बांधून तेथे राहायला जाते. हे दुसरे पोळे गोल किंवा नासपतीच्या आकाराचे असून त्याची उंची ६० ते ८० सेंटीमीटर किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते, आणि त्याचे लहानसे तोंड बाजूला असते. मूळ युरोपीय जातीचे पोळे सहसा झाडाच्या ढोलीत असते व खालून बरेच उघडे असते. त्यामुळे बाजूचे तोंड ही चांगली खूण ठरते.

पोळ्याचा माल म्हणजे लाकडाचा कीस. माश्या जुने लाकूड कुरतडतात, लाळेत मळून त्याचा लगदा करतात आणि त्याचे पातळ थर देतात. वेगवेगळ्या झाडांचे लाकूड वापरल्यामुळे बाहेरच्या आवरणावर तपकिरी-करड्या लाटांची नक्षी उमटते. आत मजल्यांसारखी आडवी पोळपटले एकाखाली एक टांगलेली असतात, षट्कोनी कोठड्यांची तोंडे खालच्या बाजूस असतात आणि त्यांत अळ्या वाढतात. मध येथे साठवला जात नाही. आवरणाच्या थरांमध्ये हवा कोंडलेली असल्याने आतील उष्णता टिकून राहते.

पोळे कोणत्या काळात नष्ट केले, तर उपयोग होतो?

या प्रश्नाचे उत्तर वसाहतीच्या वर्षभराच्या क्रमात आहे. समशीतोष्ण प्रदेशात राण्या साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जाग्या होतात, उन्हाळ्यात वसाहत वाढते आणि ती भरात असताना एकाच वेळी हजार-दोन हजार प्रौढ माश्या तिच्यात असू शकतात. संपूर्ण हंगामात मिळून एका पोळ्यातून सरासरी सुमारे ६,००० माश्या निपजतात. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरद ऋतूत नर व भावी राण्या तयार होऊ लागतात. एका पोळ्यातून अशा राण्या ३५० पर्यंत निघू शकतात. मीलनानंतर त्या विखुरतात, आणि थंडीत जुनी राणी, कामकरी माश्या व नर हे सर्व मरून जातात.

म्हणून भावी राण्या बाहेर पडण्यापूर्वी नष्ट केलेले पोळे आणि नंतर नष्ट केलेले पोळे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जुलैत काढलेले पोळे पुढच्या वर्षीची अनेक पोळी वाचवते. पानगळ झाल्यावर उघड्या फांदीवर दिसणारे, छायाचित्रांत भव्य दिसणारे पोळे काढून हाती केवळ लाकडाचा लगदा लागतो. दुर्दैवाने लोकांचे लक्ष नेमके तेव्हाच वर जाते.

जुने पोळे पुढच्या वर्षी पुन्हा वापरले जाते का?

नाही. नवी राणी नवे पोळे बांधते. रिकामे पोळे वारा-पावसाने आपोआप गळून पडते. मात्र ते दिसले याचा अर्थ त्या परिसरात मागील हंगामात वसाहत होती, असा होतो. म्हणून त्याचीही नोंद द्यावी.

मधमाश्यांचे नेमके काय नुकसान होते?

प्रौढ गांधीलमाशीला स्वतःसाठी फुलांतील मधुरस, पिकलेल्या फळांचा रस अशी गोड द्रव्ये पुरतात. शिकार हवी असते ती अळ्यांना, कारण त्यांच्या वाढीसाठी प्रथिने लागतात. त्या बदल्यात अळ्या आपल्या मुखातून पौष्टिक गोडसर द्रव देतात आणि प्रौढ माश्या तो पितात. त्यामुळे पोळ्यात अळ्या जितक्या जास्त, तितकी शिकार जास्त. फ्रान्समधील एका अभ्यासात पिवळ्या पायांच्या माशीच्या शिकारीत मधमाश्यांचा वाटा ३८ टक्के, घरमाशीसारख्या निरनिराळ्या माश्यांचा सुमारे ३० टक्के आणि इतर सामाजिक गांधीलमाश्यांचा सुमारे २० टक्के आढळला, तसेच एक पोळे हंगामात सुमारे ११ किलो कीटक फस्त करते असा अंदाज निघाला. याचा अर्थ असा, की हा प्रश्न केवळ मधपाळांचा नाही. परागीभवन करणाऱ्या व कुजक्या पदार्थांची विल्हेवाट लावणाऱ्या इतर कीटकांचाही आहे.

मधपेटीसमोर ही माशी पेटीकडे पाठ करून हवेत जवळजवळ स्थिर राहते आणि चाऱ्याहून परतणाऱ्या, ओझ्याने मंदावलेल्या मधमाशीवर झडप घालते. डोके, पंख आणि पोट तोडून छातीचा मांसल भाग तेवढा ती पोळ्यावर नेते. मारल्या जाणाऱ्या मधमाश्यांच्या संख्येपेक्षाही तिच्या दहशतीचा परिणाम मोठा असतो. दारात चार-पाच शिकारी घिरट्या घालू लागले, की मधमाश्या बाहेर पडणेच थांबवतात, मध आणि पराग येणे बंद होते, व अशी वसाहत उपासमारीने हिवाळ्यात दगावते.

आशियातील मधमाश्या मग टिकून कशा राहिल्या?

त्यांनी या शत्रूबरोबर फार दीर्घ काळ काढला आहे. आशियाई मधमाशी, म्हणजे सातेरी, दारात आलेल्या गांधीलमाशीभोवती शेकडोंच्या संख्येने गोळा होऊन तिला गच्च वेढते आणि उडण्याचे स्नायू थरथरवून त्या गोळ्याचे तापमान ४६ अंश सेल्सियसच्या आसपास नेते. गांधीलमाशी तेवढी उष्णता आणि कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सहन करू शकत नाही. सातेरीची सहनशक्ती दोन-चार अंशांनी जास्त असते आणि तेवढ्याच फरकावर तिचा बचाव उभा आहे. व्हिएतनाममध्ये या मधमाश्या पोळ्याच्या दाराभोवती जनावरांच्या शेणाचे ठिपके लावून मोठ्या गांधीलमाश्यांना दूर ठेवतात, असेही आढळले आहे. युरोपीय मधमाशीलाही वेढा घालता येतो, पण तो विस्कळीत आणि अपुरा असतो.

‘राक्षसी’ गांधीलमाशी अमेरिकेत पसरली आहे का?

नाही. ती वेगळी जाती आहे: ‘व्हेस्पा मँडरिनिया’, जगातील सर्वांत मोठी गांधीलमाशी, जिची राणी सुमारे पाच सेंटीमीटरपर्यंत वाढते. शरद ऋतूच्या सुमारास तिच्या काही डझन माश्या मिळून युरोपीय मधमाश्यांची संपूर्ण वसाहत काही तासांत कापून काढू शकतात. कॅनडातील नानाइमो येथे २०१९ मध्ये तिचे एक पोळे नष्ट करण्यात आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यातील ब्लेन येथे ती दिसली. ऑक्टोबर २०२० मध्ये कीटकतज्ज्ञांनी पकडलेल्या माशीला दात साफ करण्याच्या दोऱ्याने चिमुकला रेडिओ ट्रान्समीटर बांधला व तिचा माग काढत झाडाच्या ढोलीतील पोळे गाठले. त्या पोळ्यात सुमारे २०० राण्या सापडल्या; आणखी थोडा उशीर झाला असता तर त्या विखुरल्या असत्या. पुढच्या वर्षी आणखी तीन पोळी काढण्यात आली, त्यानंतर सलग तीन वर्षे एकही माशी आढळली नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही जाती अमेरिकेतून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. वृत्तपत्रांनी तिला दिलेले भडक नाव मात्र अजून टिकून आहे.

माणसाला किती धोका असतो? डंख झाल्यास काय करावे?

फुलांवर किंवा फळांवर एकटी बसलेली गांधीलमाशी सहसा वाटेला जात नाही. धोका पोळ्याजवळ असतो, विशेषतः कुंपण छाटताना, गवत कापताना किंवा झाडावर शिडी लावताना न दिसलेल्या पोळ्याला हादरा बसला तर. तिच्या नांगीला मधमाशीसारखे मोठे काटे नसल्याने ती कातडीत अडकून राहत नाही व एकच माशी अनेक वेळा डंख करू शकते. तिच्या विषात इतर माश्यांना चेतवणारी गंधद्रव्येही असतात. म्हणून पोळ्याजवळ माशी चिरडू नये आणि हात झाडत न बसता शांतपणे, पण त्वरेने, दूर जावे.

एक-दोन डंख झाल्यास जागा साबणाने धुवावी, थंड पट्टी ठेवावी, अंगठी किंवा बांगडी सूज येण्यापूर्वी काढावी. श्वास घ्यायला त्रास, ओठ-जीभ-चेहऱ्यावर सूज, अंगभर गांधी, चक्कर किंवा उलट्या यांपैकी काहीही दिसल्यास ती तीव्र ॲलर्जी समजून तत्काळ आपत्कालीन वैद्यकीय मदत घ्यावी. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जवळ बाळगण्याचा सल्ला ज्यांना दिलेला आहे, त्यांनी ते लगेच घ्यावे आणि बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच. तोंडात किंवा घशात झालेला डंख, तसेच ॲलर्जी नसतानाही झालेले खूप डंख, हे दोन्ही गंभीर मानावेत, कारण विषाची एकूण मात्रा वाढल्यास स्नायू आणि मूत्रपिंडांना इजा होते. २०१३ मध्ये चीनच्या शान्शी प्रांतात गांधीलमाश्यांच्या हल्ल्यांत ४० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले होते.

झाडावर पोळे दिसले तर ते स्वतः काढावे का?

काढू नये. दगड मारणे, बंदूक चालवणे, पाण्याचा फवारा सोडणे किंवा पेटवून देणे या सर्व उपायांनी पोळे फुटते, वसाहत चवताळते आणि राणी वाचल्यास जवळच पुन्हा बांधकाम सुरू होते. मधपाळाचा नेहमीचा पोशाखही येथे पुरेसा नसतो. नांगी त्यातून आरपार जाऊ शकते, आणि चिडलेल्या माश्या डोळ्यांच्या दिशेने विष उडवतात, म्हणून डोळ्यांना वेगळे संरक्षण लागते. प्रशिक्षित पथके सहसा संध्याकाळी किंवा पहाटे, बहुतेक माश्या आत असताना, लांब दांड्याने कीटकनाशक पोळ्यात सोडतात. विषारी पोळे नंतर खाली उतरवणे हाही कामाचाच भाग आहे, कारण ते तसेच राहिले तर मेलेल्या अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात ते विष जाते.

पोळे सापडत नसेल, तर त्याचा माग कसा काढतात?

पानांनी गच्च भरलेल्या झाडात पोळे डोळ्यांना दिसत नाही. ते माशीकडूनच शोधून घ्यावे लागते. गोड द्रव भरलेल्या बरणीच्या झाकणातून वात बाहेर काढून ती आमिष म्हणून ठेवतात. माशी त्यावर बसून रस पिण्यात गुंतली, की तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका देतात व ती कोणत्या दिशेने उडाली आणि किती वेळाने परतली हे टिपतात. एका मिनिटाच्या अनुपस्थितीमागे साधारण १०० मीटर अंतर, असा ढोबळ हिशेब वापरला जातो. मग बरणी त्या दिशेने पुढे सरकवतात आणि दोन-तीन ठिकाणांहून मिळालेल्या दिशांच्या रेषा नकाशावर जेथे छेदतात, त्या परिसरातील झाडे दुर्बिणीने तपासतात. काम कंटाळवाणे आहे, त्याला उपकरणांपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि जर्सी बेटावर स्वयंसेवकांनी ते वर्षानुवर्षे केले आहे. रेडिओ ट्रान्समीटरने काम वेगाने होते, पण त्याचे वजन पेलेल एवढी धडधाकट माशी हाती लागावी लागते.

घरोघरी सापळे लावावेत का?

सरसकट लावू नयेत. बाटलीत गोड द्रव भरून केलेल्या सापळ्यांत हव्या त्या माशीपेक्षा इतर कीटकच कितीतरी जास्त मरतात. वसंतातील प्रत्येक राणी मारली म्हणजे एक पोळे वाचले, हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो; परंतु त्या काळात जाग्या झालेल्या राण्यांपैकी बऱ्याच आपापसांतील झटापटींत किंवा थंडी-पावसात तशाही मरतात. त्यामुळे सापळे लावायचेच असतील तर ते लहान कीटकांना बाहेर पडता येईल अशा छिद्रांचे असावेत, जेथे माशी आढळलेली आहे अशा मधपेट्यांजवळच असावेत आणि रोज तपासले जावेत.

मधपेट्यांचे रक्षण कसे करावे?

पेटीचे दार अरुंद केल्यास शिकारी आत शिरत नाही. दारापुढे जाळीचा पिंजरा बसवल्यास मधमाश्यांचा ताण कमी होतो व त्यांची ये-जा काही प्रमाणात सुरू राहते. पेट्यांच्या मधल्या जागेत विद्युतभारित तारांची चौकट उभी करण्याची पद्धतही वापरात आहे. दुबळ्या वसाहती एकत्र करणे आणि गरजेनुसार साखरेचा पाक देणे हे साधे उपाय बहुधा जास्त कामाला येतात.

पिवळ्या पायांच्या गांधीलमाशीचे नैसर्गिक शत्रू नाहीत का?

आहेत. मधबाज हा शिकारी पक्षी पोळी फोडून अळ्या खातो. पण विस्तार रोखण्याइतका त्यांचा परिणाम होत नाही.

तिचे पूर्ण उच्चाटन शक्य आहे का?

लवकर हेरले आणि जागा मर्यादित असली, तर आहे. स्पेनच्या मायोर्का बेटावर ही माशी २०१५ मध्ये आढळली आणि काही वर्षांत एकेक पोळे शोधून तिचे उच्चाटन करण्यात आले. ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात ७२ पोळी शोधून नष्ट केली गेली. फ्रान्समध्ये मात्र ती वेळ केव्हाच निघून गेली आहे. तेथे मार्च २०२५ मध्ये झालेल्या कायद्याचा रोखही प्रसार आटोक्यात ठेवण्याकडे आहे.

संशयित माशी किंवा पोळे दिसल्याचे कळवताना काय काय द्यावे?

छायाचित्र, नेमके ठिकाण, तारीख आणि वेळ. छायाचित्र अस्पष्ट असले तरी चालेल, मात्र त्यात पाय आणि उदर दिसतील असा प्रयत्न करावा. माशी उडून कोणत्या दिशेला गेली ते आठवत असल्यास तेही लिहावे, कारण शोधपथकासाठी ती पहिली रेषा असते. कृषी किंवा जैवसुरक्षा खात्याने अशा नोंदींसाठी ॲप अथवा अर्ज उपलब्ध केला असेल तर तोच वापरावा. पोळ्याचे छायाचित्र जवळ जाऊन घेऊ नये. किमान पाच-सहा मीटर, शक्य असल्यास त्याहून बरेच दूर राहून, मोबाइलचा झूम वापरावा. मेलेली माशी हाती लागली तर ती फेकून न देता झाकणाच्या डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावी आणि तपासणीसाठी मागितल्यास द्यावी.